मेलेल्यांना उठवणारे

चार्ल्स डिकन्सच्या 'अ टेल ऑफ टू सिटीज' या १८५९ सालच्या कादंबरीत जेरी क्रंचर नावाचा एक माणूस आहे. दिवसा तो लंडनमधल्या एका बँकेच्या दाराबाहेर स्टुलावर बसतो आणि निरोप पोचवतो. रात्री कधी कधी 'मासे धरायला जातो' म्हणून घराबाहेर पडतो, पण बरोबर गळ नसतो. पोतं असतं, पहार असते, दोर आणि साखळी असते. सकाळी बुटांना चिखल असतो, बोटांना गंज लागलेला असतो. हा गंज कुठून येतो, हे त्याच्या पोराला कळत नाही. एका रात्री पोरगं बापाच्या मागोमाग चोरपावलांनी जातं, फाटकातून आत पाहतं आणि जीव खाऊन घरी पळतं. पळताना त्याला वाटत राहतं, की ती शवपेटी टुणटुणत आपल्या मागे येतेय.

दुसऱ्या दिवशी ते बापाला विचारतं, "बाबा, रिझरेक्शन मॅन म्हणजे काय?"

मराठीत उत्तर द्यायची वेळ आली, की इथेच अडायला होतं. 'रिझरेक्शन'ला मराठी बायबलने 'पुनरुत्थान' हा शब्द दिलेला आहे. मेलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला, ते पुनरुत्थान. म्हणजे जेरी क्रंचर हा 'पुनरुत्थानी माणूस' झाला. वाचणाऱ्याला वाटेल, कुणी धर्मसुधारक असावा. 'प्रेतचोर' म्हटलं तर धंदा कळतो, पण शब्द मरतो. कारण पोराला प्रश्न पडतो तो या शब्दामुळेच. देवळात ऐकलेला सर्वांत मोठा, सर्वांत आशेचा शब्द आपल्या बापाच्या चिखलाने भरलेल्या बुटांना कसा चिकटला?

मला सुचलेला त्यातल्या त्यात जवळचा शब्द 'उठवणारे'. आपल्याकडे झोपलेल्याला उठवतात, पंगतीतून उठवतात, भाडेकरूला घरातून उठवतात. जागं करणं आणि जागेवरून हलवणं, दोन्ही अर्थ या एका क्रियापदात नांदतात. इंग्रजीतल्या त्या जुन्या शब्दाची सगळी ताकद याच दुहेरीपणात आहे.

हा शब्द १८व्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये रुळला. 'रिझरेक्शन मॅन' आणि 'रिझरेक्शनिस्ट' ही त्याची दोन रूपं. आयर्लंडमध्ये अशांना 'पोत्यात भरणारे' अशा अर्थाचं नाव होतं. ते धंद्याचं सरळ वर्णन झालं. लंडनचं नाव मात्र ज्यांच्या माणसांची मढी चोरली जात त्यांच्या मर्मावर बोट ठेवणारं होतं. अखेरच्या न्यायाच्या दिवशी तुतारी वाजेल आणि थडग्यांतून मेलेले आपल्या देहासकट उठतील, असा सामान्य ख्रिस्ती माणसाचा विश्वास होता. देह गेला, त्याचे तुकडे झाले, तर त्या दिवशी उठणार कोण? धर्मपंडितांनी या शंकेची उत्तरं दिली असतील, पण गल्लीतल्या बाईला आपलं मेलेलं मूल अखंड मातीत राहावं एवढंच हवं होतं. त्या दिवसाआधीच, रात्री दोनच्या सुमाराला, भलताच कुणीतरी येऊन त्याला 'उठवत' होता.

हे लोक प्रेतं चोरत ती विकण्यासाठी. आपल्याकडे मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात, ते इथे जवळजवळ शब्दशः खरं होतं. गिऱ्हाईक होतं शरीररचनेचं शिक्षण. शस्त्रक्रिया शिकायची तर माणसाचा देह आतून पाहायला हवा, हे लंडन आणि एडिंबरामधल्या शिक्षकांनी मनापासून मानलं होतं आणि त्यात त्यांचं चुकत नव्हतं. भूल देण्याची सोय येण्याआधीच्या त्या काळात सर्जनचा हात किती झपाट्याने आणि अचूक चालतो, यावर रोग्याचं जगणं-मरणं ठरत असे. पण कायद्याने मिळणारी प्रेतं फार थोडी. १७५२ साली अंमलात आलेल्या खुनासंबंधीच्या कायद्याने फाशी गेलेल्या खुन्यांचे देह विच्छेदनासाठी देण्याची तरतूद केली, तीही शिकण्याची सोय म्हणून कमी आणि जास्तीची शिक्षा म्हणून अधिक. खुन्याला साधं दफनसुद्धा मिळता कामा नये, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे विच्छेदन म्हणजे खुन्याच्या वाट्याची विटंबना, हे लोकांच्या मनात पक्कं बसलं. फाशीच्या तख्ताखाली नातेवाईक आणि सर्जनची माणसं यांच्यात प्रेतासाठी हाणामाऱ्या होत. तिकडे शरीररचनेच्या खाजगी शाळांतले विद्यार्थी वाढत चाललेले. मागणी आणि पुरवठा यांच्यातली ही फट 'उठवणाऱ्यां'नी भरून काढली.

त्यांचं काम पाहण्यासारखं आहे, कारण त्यात विलक्षण सराईतपणा आहे. हंगाम थंडीचा. शरीररचनेचे वर्ग हिवाळ्यात चालत आणि त्या दिवसांत प्रेत टिकतंही. दिवसा कुणीतरी दफनाला हजर राहून जागा हेरून ठेवायचा, कधी शोक करणाऱ्यांच्या घोळक्यात मिसळून. घरच्यांनी मातीवर शिंपला, काटकी, फूल अशी काही खूण ठेवली असेल तर तीही नीट लक्षात ठेवायची, कारण काम झाल्यावर ती परत जिथल्या तिथे मांडायला लागे. रात्री फावडं लाकडी, म्हणजे दगडावर आदळलं तरी खणखणाट नाही. शेजारी जाड कापड अंथरून माती त्यावर टाकायची, गवतावर कण सांडू द्यायचा नाही. पूर्ण कबर कधीच खणायची नाही. फक्त डोक्याच्या बाजूचं भोक पेटीपर्यंत न्यायचं, झाकणाखाली आकडा किंवा पहार अडकवायची, आवाज दबावा म्हणून वर पोती टाकायची आणि उचकटायचं. उरलेल्या झाकणावर मातीचा भार असल्याने ते मध्येच मोडतं. मग काखेतून दोर घालून प्रेत वर ओढायचं. आणि शेवटी प्रेताच्या अंगावरचं कफन काढून पुन्हा पेटीत टाकायचं.

हे शेवटचं काम दयेपोटी नव्हे, कायद्यापोटी होतं. मेलेलं शरीर कुणाच्याच मालकीचं नाही, असं इंग्लंडचा कायदा मानत असे आणि जे कुणाचं नाही त्याची चोरी होत नाही. कफन मात्र मालमत्ता होतं. ते नेलं तर चोरीचा गंभीर गुन्हा. नुसतं प्रेत नेलं तर तो लोकनीतीविरुद्धचा अपराध, म्हणजे दंड किंवा काही महिन्यांची कैद. १७८८ सालच्या एका खटल्यात न्यायालयाने विच्छेदनासाठी प्रेत काढणं हा अपराध आहे एवढं स्पष्ट केलं, पण त्याचा दर्जा त्या वारभर कापडाच्या चोरीइतका वर गेला नाही. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त सलतं ते हे. आईच्या अंगावरच्या कापडाला कायद्यात नाव होतं, आईला नव्हतं. ज्या गुन्ह्याला कायदा नीट नाव देत नाही त्याला रस्त्यावरचे लोक नाव देतात, आणि त्यांनी दिलं ते 'रिझरेक्शन मॅन'चं.

या धंद्यातल्या एका माणसाची रोजनिशी शिल्लक आहे. जोशुआ नेपल्स याची ती मानली जाते, १८११-१२ सालची आहे, आणि लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सकडे आहे. १८९६ साली जेम्स ब्लेक बेली यांनी 'द डायरी ऑफ अ रिझरेक्शनिस्ट' या नावाने ती छापली. वाचताना अंगावर काटा येतो तो भयंकर वर्णनांमुळे नाही, कारण वर्णनं जवळजवळ नाहीतच. कुठल्या कबरस्तानात गेलो, किती निघाले, कुठल्या रुग्णालयात विकले, चांदणं होतं म्हणून परत आलो, कुत्री अंगावर आली, कोण प्यायलं होतं, असा सगळा हिशेबी मामला. प्रेताला त्यांच्या बोलीत 'वस्तू' म्हणत. मुलांची प्रेतं 'लहान' या सदरात जात आणि त्यांचा भाव लांबीवर ठरे. धान्याच्या कोठाराची चोपडी आणि ही चोपडी यांत लिहिण्याच्या पद्धतीचा फरक नाही.

सगळेच मेलेले सारखे उठवले जात नव्हते, हेही सांगायला हवं. ॲस्टली कूपर हे त्या काळातले नामांकित सर्जन. १८२८ साली पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांनी अशी साक्ष दिली, की माणूस कितीही मोठा असो, मनात आणलं तर मी त्याचं प्रेत मिळवू शकतो. बोलणं खरं असेल, पण रोजच्या व्यवहारात श्रीमंतांची प्रेतं शिशाच्या पेटीत, बांधीव तळघरात जात. १८१८ साली लोखंडी पेटीचं पेटंटसुद्धा कुणीतरी घेतलं. स्कॉटलंडमध्ये कबरीवर लोखंडी पिंजरा बसवत. प्रेत सडून निरुपयोगी होईपर्यंत काही आठवडे तो तिथे राही, मग दुसऱ्या कबरीवर जाई. एडिंबराच्या ग्रेफ्रायर्स कबरस्तानात असे पिंजरे अजून पाहायला मिळतात. पैसे नसलेले लोक रात्र-रात्र पहारा देत. आणि ज्यांच्याकडे पहाऱ्यालाही माणूस नव्हतं त्यांच्या पेट्या एकावर एक रचलेल्या सामाईक खड्ड्यात असत, जो भरेपर्यंत उघडाच राही. तिथे खणायलाही लागत नसे.

या शब्दाशी ज्यांचं नाव सर्वांत घट्ट जोडलं गेलं, त्या दोघांनी मात्र एकही कबर खणली नाही. विल्यम बर्क आणि विल्यम हेअर. १८२७ सालच्या नोव्हेंबरात एडिंबरामधल्या हेअरच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये एक म्हातारा पेन्शनर आपल्या मरणाने मेला. त्याच्याकडे चार पौंड भाडं थकलेलं. दोघांनी पेटीत झाडाच्या सालीचा भुसा भरला आणि प्रेत डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्या शरीररचनेच्या शाळेत ७ पौंड १० शिलिंगला विकलं. माणूस मरायची वाट पाहण्यापेक्षा मारणं सोपं, हे त्यांच्या ध्यानात आलं. पुढच्या वर्षभरात त्यांनी १६ जणांना मारलं. बहुतेक गरीब, परगावचे, ज्यांची चौकशी करायला कुणी येणार नाही असे. आधी दारू पाजायची, मग नाक-तोंड दाबून धरायचं. अंगावर खूण राहत नाही, प्रेत ताजं, भाव चांगला. हेअर माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला. बर्कला २८ जानेवारी १८२९ रोजी फाशी दिलं आणि कायद्याप्रमाणे त्याचंच विच्छेदन झालं. त्याचा सांगाडा एडिंबरा विद्यापीठाच्या शरीररचना संग्रहालयात आहे.

त्याच्या नावाचं क्रियापद झालं. 'बर्क करणं' म्हणजे खूण न ठेवता गुदमरवून मारणं. १८३१ साली लंडनमध्ये जॉन बिशप आणि त्याच्या साथीदारांनी एका मुलाचं प्रेत किंग्ज कॉलेजमध्ये विकायला आणलं. १२ गिनी मागितल्या, ९ वर सौदा ठरला. शरीररचना शिकवणाऱ्या रिचर्ड पार्ट्रिज यांना ते प्रेत इतकं ताजं का, हा संशय आला. पन्नास पौंडांची नोट मोडून आणतो असं सांगून त्यांनी माणसांना थांबवून धरलं आणि पोलिसांना बोलावलं. पेपरांनी या टोळीला 'लंडनचे बर्कर' म्हटलं.

या प्रकरणानंतर १८३२ साली शरीररचनेचा नवा कायदा झाला. कबरी खणण्याचा धंदा हळूहळू बसला, कारण मालच कायद्याने मिळू लागला. आश्रयगृहांत आणि रुग्णालयांत मरणाऱ्या ज्यांना न्यायला कुणी येत नाही, त्यांचे देह शिक्षणासाठी देता येऊ लागले. कायद्याच्या विरोधात बोलणाऱ्यांचं म्हणणं होतं, की ८० वर्षं जी खुन्याची शिक्षा होती ती आता गरिबीची शिक्षा झाली. हा आक्षेप मला अजून खोडता आलेला नाही. त्याच वर्षीच्या जूनमध्ये, कायदा मंजूर व्हायच्या आधीच, विचारवंत जेरेमी बेंथम वारले. आपल्या देहाचं जाहीर विच्छेदन करा, असं त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं, आणि त्यांचे मित्र डॉ. साउथवुड स्मिथ यांनी ते पाळलं. ज्याच्याकडे पहाऱ्याला माणसं ठेवायची ऐपत होती असा माणूस आपण होऊन त्या टेबलावर गेला, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

'रिझरेक्शनिस्ट' हा शब्द मात्र कबरस्तानातून बाहेर पडून बऱ्याच ठिकाणी गेला. विस्मरणात गेलेला ग्रंथ, रूढी, वाद्य पुन्हा चालू करणाऱ्यालाही तो लावतात. मराठीत या दोन कामांसाठी दोन वेगळी तोंडं आहेत. पटलं तर आपण 'पुनरुज्जीवन' म्हणतो, न पटलं तर 'कशाला जुनी मढी उकरून काढता?' म्हणतो. इंग्रजीतला हा शब्द दोन्हीकडे बघत उभा आहे, आणि बोलणाऱ्याची बाजू कुठली हे त्याच्या सुरावरून ओळखावं लागतं. स्वयंपाकघरातही हा शब्द शिरला. वसतिगृहांच्या मेसमध्ये उरल्यासुरल्या मांसाचा जो 'पाय' नावाचा भाजलेला पदार्थ करत त्याला विद्यार्थी 'रिझरेक्शन पाय' म्हणत.

याच नावाचा एक कॅथलिक संघही आहे. पोलंडचा स्वातंत्र्यलढा फसल्यावर पॅरिसमध्ये परागंदा झालेल्या लोकांमध्ये बॉग्दान यान्स्की यांनी १८३६ साली तो सुरू केला. त्याच्या सदस्यांना इंग्रजीत रिझरेक्शनिस्टच म्हणतात. ज्यांचा देश नकाशावरून पुसला गेला होता त्यांनी आपल्या संघाला पुनरुत्थानाचं नाव घ्यावं, यात मला काहीही नवल वाटत नाही. लंडनच्या गुत्त्यात ज्या शब्दावर थुंकायचे, त्या शब्दाखाली हे लोक प्रार्थनेला बसत होते.

आपल्या सह्याद्रीतही हा शब्द आला आहे. पावसाळा संपला की कातळसड्यावरच्या काही वनस्पती वाळून करड्या होतात, पानं मुठीसारखी मिटतात, हातात घेतली तर चुरा होईल इतक्या कोरड्या. आणि मृगाच्या सरी आल्या की काही तासांत त्या उलगडून हिरव्या होतात. यांना इंग्रजीत 'रिझरेक्शन प्लांट' म्हणतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम घाटातल्या असं वाळणं सोसणाऱ्या ६२ जातींची नोंद केली आहे. इथे कुणी कुणाला उठवत नाही. पाणी मिळतं आणि झाड आपलं आपण उठतं. या शब्दाची सगळी वळणं पाहून झाल्यावर हे सर्वांत निर्मळ वाटतं.

प्रेत चोरण्याचा धंदा आपल्या मराठी मुलखात तसा रुजला नाही. बहुतेकांना अग्नी देतात, मागे राख राहते. पण हाडांचा व्यापार भारताला अपरिचित नव्हता. जगभरच्या वैद्यकीय शाळांना मानवी सांगाडे पुरवणाऱ्यांत कलकत्ता हे फार मोठं केंद्र होतं, आणि १९८५ साली सरकारने ही निर्यात बंद केली. आपल्याकडे १९४९ च्या मुंबई शरीररचना अधिनियमाने बेवारस देह शिक्षणासाठी देण्याची सोय केली. लंडनच्या कायद्याचं तत्त्व तेच. पुढे 'देहदान' हा शब्द आला आणि त्याने चित्र बदललं. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत पहिल्या वर्षाची मुलं विच्छेदन सुरू करण्याआधी टेबलाभोवती उभी राहून त्या देहाचा मान राखण्याची शपथ घेतात. ज्याला नेपल्स 'वस्तू' म्हणून चोपडीत लिहीत होता, त्याच्यासमोर.

आणि बर्कचं क्रियापद? ते इंग्लंडमध्ये आता जुनाट झालं आहे. पूर्वी तिथे प्रश्न 'बर्क' होत, अहवाल 'बर्क' होत, म्हणजे आवाज न होता दाबले जात. आज ते ठणठणीत जिवंत आहे ते आपल्याकडे, पोलिसांच्या भाषेत. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाची फिर्याद नोंदवायचीच नाही, आकडेवारीत गुन्हा दिसूच द्यायचा नाही, याला भारतीय पोलीस खात्यात 'बर्किंग' म्हणतात. अशी फिर्याद नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली बजावलं, त्या निकालपत्रातही हा शब्द आहे. ठाण्यात बाकावर बसलेल्या बाईला तो माहीत नसतो. "साहेब बाहेर गेलेत, उद्या या," एवढंच तिला ऐकू येतं. ती पदर सावरते, हातातला तक्रारअर्ज घडी करून पिशवीत ठेवते आणि उठते. अंगावर कुठे खूण नसते.